नव्या भाजीची पंगत

तुमचे आजोबा गेले, त्यानंतरचा हा पावसाळा. तुम्ही फोनवर विचारायचात, "आजी, जेवलीस का?" मी हो म्हणायचे. वेळेवर कुकर लावत होते, ताट वाढून घेत होते. दोन घासांनंतर हात चालत नसे. रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती.

आपल्या वाडीत कामाला येणाऱ्या बाईला हे ठाऊक होतं, कारण भांडी तीच घासायची. ती डोंगराकडच्या वारली पाड्यावरची. माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ.

"बाय, तुमचा कुत्रा बघा, कसा शेठ झालाय," ती म्हणाली. "तुमचं जेवन त्यालाच लागतं."

"नको वाटतं गं मला."

"उद्या आमची भाजी हाय. तुमी यायचं."

भाजी म्हणजे कोळू. पावसाळ्यात डोंगरावर उगवते, पाती गवतासारखी. बोईसरच्या बाजारात तिचे वाटे केव्हाच आले होते. पाड्यावरच्या बायकाच ते विकत होत्या, पण स्वतः त्यांनी ती तोंडात घातली नव्हती. देवाला दाखवून सगळा पाडा एकत्र बसेपर्यंत कुणी खायची नाही, असा त्यांचा नेम आहे.

नाही म्हणण्याइतकं त्राण नव्हतं, म्हणून मी गेले. उमरोळी स्टेशनाहून पाड्यापर्यंत रिक्षा केली. कारखान्यात जाणारी माणसंही सुट्टी टाकून आली होती. घराघरांतून आलेल्या जुड्या बायका एकत्र निवडत होत्या. आतला कडक दांडा काढावा लागतो. माझ्यापुढेही सूप सरकवलं. मी निवडत बसले. भाजी शिजली, म्हाताऱ्या भगताने ती देवापुढे ठेवली, मग सागाची पानं मांडून भात-भाजी वाढली.

कुणी जेवेना. मला वाटलं, अजून काही विधी राहिला असेल. बाई कानाशी म्हणाली, "तुमची वाट बघतात. पाव्हण्यानं घास घेतल्याबिगर आमचा हात उठत नाय."

"मला घास जाणार नाही."

समोरची म्हातारी तिथूनच ओरडली, "खा गो बाय! इख नाय घातला त्यात. पोरा भुकी हाईत."

बायका हसल्या. पोरं पानाजवळ हात ठेवून माझ्याकडे पाहत होती.

मी घास घेतला. सगळे हात एकदम पानांत गेले, गप्पा सुरू झाल्या आणि मग माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. चव मला कळली नाही, खरं सांगते. मीठ आहे, मिरची आहे, एवढंच समजलं. पण शेजारचे जेवत होते, तशी मीही जेवत राहिले. पान रिकामं झालं तेव्हा बाईने न विचारता आणखी भात वाढला. तोही मी खाल्ला.