राखेने घासलेला नळ

सून पितळी हंडा राखेने घासायला बसली, आणि ओल्या राखेच्या वासाने माझं डोकं फिरलं.

माझ्या लहानपणी डिलाईल रोडला आमच्या झोपड्यांना नळ नव्हता, पाणी समोरच्या चाळीतून आणायचो. आम्ही बौद्ध झालो होतो, तरी आईने हंडा भरला की चाळीतली मावशी नळ राखेने घासायची, मगच आपली कळशी लावायची.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला दोघीही गेल्या होत्या. तिथे अश्रुधूर सुटला, तेव्हा त्याच मावशीने आईला स्वतःच्या तांब्याने पाणी पाजलं. म्हणाली, "पी गे बाय, मुंबई आपलीच हा."

दुसऱ्या सकाळी आईचा हंडा भरला, आणि मावशी राख घेऊन हजर.

"मावशी, काल तर मुंबई आपली होती ना?" आईने विचारलं.

"मुंबई आपलीच गे," मावशी घासता घासता म्हणाली. "नळ आमचो."