फोटो स्वच्छ आला तेव्हा

माझ्या सुनेने एका सकाळी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "आपण कोणाकडे आला आहात?" मला वाटलं, थट्टा करतेय. आम्हा दोघींचं तसंच चालतं, एकीने टोमणा मारायचा, दुसरीने परतवायचा. म्हणून मी म्हटलं, "तुमच्याकडेच, मुक्ताबाई. कायमची." ती हसली नाही. आत जाऊन शिरीषला, म्हणजे माझ्या मुलाला, हळूच म्हणाली, "अहो, बाहेर कुणी बाई बसल्यात." मी कप खाली ठेवला.

मुक्ताला ल्युपस आहे हे आम्हाला ठाऊक होतं. शरीराने शरीराचं रक्षण करायचं सोडून त्याच्यावरच उलटायचं, असा हा आजार, असं डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं होतं. सांधे धरायचे, उन्हात गेली की गालांवर लाल चट्टे उठायचे, ते आमच्या सवयीचं झालं होतं. पण तो मेंदूपर्यंत पोचतो, घरातल्या माणसाला परकं करतो, हे ऐकलं आणि मी सुन्न झाले. बाईंनी मेंदूचा एमआरआय सांगितला. रिपोर्ट मिळाला की लगेच घेऊन या, असंही बजावलं. अंगावर धातू चालत नाही म्हणून तिचं मंगळसूत्र माझ्या मुठीत, आत मशीनची धाडधाड, आणि मी बाहेर बाकावर. तिथूनच मी आमच्या गल्लीतल्या मारुतीला म्हटलं, फोटो तेवढा स्वच्छ येऊ दे, तुला नारळांचं तोरण बांधीन.

शुक्रवारी संध्याकाळी रिपोर्ट आला. "आई, सगळं नॉर्मल आहे," शिरीष म्हणाला आणि खुर्चीत बसून रडला. मी देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी शनिवार, मारुतीचा वार. मी म्हटलं, आधी बोललेलं फेडू, डॉक्टर सोमवारी. शिरीषलाही ते पटलं. आता बघा, त्याच वेळी मुक्ता भिंतीकडे तोंड करून कुणाशी तरी बोलत होती, आणि आम्ही दोघं म्हणत होतो, होईल बरी, फोटोत काही नाही ना.

शनिवारी शिरीष कामावर गेला. तिला एकटी कशी ठेवू, म्हणून रिक्षाने मंडईत घेऊन गेले. मी एकेक नारळ हलवून बघत होते, तेवढ्यात मुक्ता नारळवाल्याला म्हणाली, "ह्या आजी हरवल्यात. ह्यांना घरी पोचवता का?" तो म्हणाला, "पोचवतो की, आधी नारळ घेऊ द्या, अर्धा तास झाला निवडतायत." लोक हसले. मीही हसायला गेले आणि हुंदकाच आला. कुणीतरी पाठीवर हात ठेवला. वळून बघते तर मुलीच्या वयाची एक बाई, लांब बाह्यांचा कुर्ता, मंडईच्या छपराखालीसुद्धा हातात उघडी छत्री. ती माझ्याकडे नाही, मुक्ताच्या गालांकडे बघत होती.

"मावशी, हिला ल्युपस आहे का?"

मी थक्क. तुम्हाला कसं कळलं, हेही विचारायला सुचलं नाही. घाईघाईने सांगितलं, आहे, पण मेंदूचा फोटो अगदी स्वच्छ आलाय, म्हणून तर देवाला तोरण.

"माझाही स्वच्छच आला होता," ती म्हणाली. "घरचे निर्धास्त झाले, आणि चौथ्या दिवशी मला फिट आली. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवलात?"

"सोमवारी."

"सोमवारी नाही, मावशी. आत्ता."

तिने माझ्या पिशवीतले नारळ काढून गाड्यावर ठेवले. नारळवाला म्हणाला, "एकदा घेतलेला माल परत घेत नाही आम्ही." मग मुक्ताकडे बघितलं आणि म्हणाला, "राहू द्या आजी, जा तुम्ही." त्या बाईने रिक्षा थांबवली, आम्हाला बसवलं, माझ्या फोनवरून शिरीषला हॉस्पिटलात यायला सांगितलं. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

डॉक्टरीणबाईंनी मुक्ताला लगेच दाखल करून घेतलं. फोटोवरून एवढंच कळलं, म्हणाल्या, की गाठ नाही, रक्तस्राव नाही; ह्या आजाराची सूज दर वेळी फोटोत दिसतेच असं नाही. पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासायला घेतलं. दुपारी मुक्ताला फिट आली. पलंगावर होती, दोन नर्स हाताशी होत्या, सलाईन आधीच लावलेलं होतं. मी दारात उभी राहून बघत होते, आणि मनात, एरवी ह्या वेळी आम्ही असतो ती देवळातली रांग, दगडी पायऱ्या, माझ्या हातात नारळ. मी तिथेच खाली बसले.

औषधं लागू पडायला वेळ गेला. मग एका सकाळी तिने डोळे उघडले, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "आई, केस किती विस्कटलेत तुमचे. फणी नाही का आणली?" मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

चमत्कार झाला, असं मी म्हणत नाही. पण एक मनातून जात नाही. मी फोटो स्वच्छ मागितला, आणि मारुतीने तो तस्साच दिला. मागायला हवी होती मुक्ता, मी मागितला कागद. तरी तो रागावला नाही, माझं चुकलेलं मागणं दुरुस्त करायला छत्रीवालीला पाठवलं. ती कुठे असेल तिथे सुखी असो. आता देवाला काय द्यायचं ते मी शिकवत नाही. परवा मुक्ताला पुन्हा त्याच तपासणीला नेलं. बाहेर बाकावर बसून हात जोडले, आणि मागायचे शब्द येईनात. मग ती बाहेर येईपर्यंत हात नुसतेच जोडून ठेवले.