गार्डचा डबा
आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातले एक काका रेल्वेत गार्ड होते. रिटायर झाले, पण सवय गेली नाही. फागुनात आम्ही धबधब्याच्या जंगलात चक्कर मारायला जातो, तर हे गळ्यात शिट्टी अडकवून सगळ्यांच्या मागे. मी पळसाची फुलं पाहायला थांबलो की हेही दहा पावलं मागे थांबणार. डोकं फिरतं!

"काका, समोर व्हा ना!"

"गार्डचा डबा कधी समोर लागते काय?"

परवा धबधब्याजवळच्या चढावर मला दम लागला. लाजेनं बोललो नाही. तेवढ्यात मागून शिट्टी वाजली, सगळे थांबले.

"थांबा रे, मले दम लागून राहिला!" काका ओरडले.

त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. आता या माणसावर मोकळेपणी चिडायचीही सोय राहिली नाही.