दुसरी चूल

माझे शिक्षण चौथीपर्यंत, आणि त्यालाही पुष्कळ वर्षे झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल. अक्षर तर कोंबडीने माती उकरल्यासारखे आहे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. वाचणारी बहुधा माझी लेकच असेल. तिच्याकडे इंदापुरात घर विकत घ्यायचे चालले आहे. जावयांसमोर माझे तोंड उघडत नाही, आणि पत्र पाठवले तर ते आधी तिचे सासरे वाचतात. म्हणून या वहीत लिहिते. पंचमीला आली की तिच्या हातात देईन. धीर झाला तर.

आम्ही बारामतीत घर घेतले तेव्हा ती सात वर्षांची होती. हे गुळाच्या आडतीत दिवाणजी होते आणि आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मालकीणबाई आमच्या पाण्याच्या घागरी मोजायच्या. तीन झाल्यावर चौथीला गेले की साऱ्या आळीला ऐकू जाईल असे विचारायच्या, "काय गं, आज म्हैस धुयाची हाय का?" मी रिकामी घागर घेऊन परत यायचे. आठ वर्षे हे ऐकले. पुढे मी जे केले त्याला हे कारण आहे, म्हणून लिहिले.

मग कऱ्हा नदीच्या बाजूला एक घर विकायला निघाले. पुढे ओसरी, आत माजघर आणि स्वयंपाकघर, मागे परसात एक मोठी खोली आणि स्वतःचा आड. घरधनी कोऱ्हाळ्याला आपल्या शेतावर राहायला जाणार होता. यांनी थोडे साठवले होते, बाकीचे तीनशे रुपये माझ्या दादाने दिले. दादाचा निमगाव केतकीला पानमळा. ते पैसे त्याने नव्या विहिरीसाठी ठेवले होते. मागची खोली एका व्यापाऱ्याला गूळ ठेवायला भाड्याने द्यायची आणि दोन वर्षांत दादाचे पैसे फेडायचे, असे ठरले. तोवर जुन्या विहिरीवर भागवीन, असे दादा म्हणाला.

घर बघायला हे, दादा आणि मी असे तिघे गेलो. पुरुषमाणसे ओसरीवर पान खात बसली. मी स्वयंपाकघर बघून परसात गेले. मागच्या खोलीला कुलूप होते. "तितं गवऱ्या ठेवल्यात," घरधनी ओसरीवरूनच ओरडला. खोलीपुढच्या पडवीत एक चूल होती. शेणाने सारवलेली, कडेने पांढऱ्या मातीचे बोट ओढलेले, आणि सारवण अजून ओले. राखेवर हात धरला तर ऊब लागली. बाजूच्या पाट्याला लसणीच्या चटणीचा वास येत होता.

पुरुषाला यात काही दिसले नसते. बाईला दिसते. एका घरात दोन चुली म्हणजे वेगळे निघालेले कोणीतरी इथे राहते. आज सकाळी त्याने भाकरी थापली आहे, आणि आपण येणार म्हणून त्याला कुठेतरी धाडले आहे. गवऱ्यांच्या खोलीपुढे चटणी कोण वाटते?

मी ओसरीच्या दाराशी आले. दादा म्हणाला, "बघितलंस का समदं? घरचा आड हाय. आता यिऊ दे म्हनावं तुझ्या मालकिनीला घागरी मोजाया!" सगळे हसले. परका माणूस समोर बसलेला. मी पदर पुढे ओढला आणि नुसती मान हलवली.

घरी जेवायला बसल्यावर यांनी विचारले, "कसं वाटलं घर?" तेव्हा परके कोणी नव्हते.

"बरं हाय," मी म्हणाले.

मला तो आड हवा होता.

घरधन्याला घाई होती. पंधरा दिवसांत खरेदीखत झाले. मागच्या खोलीची किल्ली गवऱ्या हलवल्यावर देतो म्हणाला. आम्ही राहायला गेलो, नव्या चुलीवर दूध उतू जाऊ दिले, आणि मागे कडी वाजली. चाळिशीची एक बाई, कपाळ मोकळे, काखेत गाठोडे. कंबरेची किल्ली काढून खोलीचे कुलूप उघडत होती.

"कोन तुमी?" मी विचारले.

"मी हितलीच. तुमी कोन?"

"आमी घर घेतलंय."

"घेतलं असंल. माझी खोली न्हाय घेतली. मालक गेल्यावर दिरानं ही खोली दिलीया मला, आन् ही चूल. कळंबला भावाकडं जा म्हनला, भाचीला बघाया पावनं येनार हायत. पंधरा दिस बसले, पावना काय आला न्हाय." बोलता बोलता तिने जाळ केला. तिचा धूर आमच्या स्वयंपाकघरात आला.

हे कोऱ्हाळ्याला गेले. घरधनी म्हणाला, "दिवाणजी, गुळाची ढेप घेताना फोडून बघता, आन् घर घेताना डोळं मिटलं व्हय? माझी भावजय हाय ती. तिला म्या कुठं टाकू?" मग हे वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, घरातल्या विधवेला राहण्याचा हक्क असतो. ती तिथे राहते हे घेताना तुमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते, असे शपथेवर सांगाल का? तरीही निकालाची खात्री नाही, आणि खर्च फार.

"म्या सांगितलं, कुनालाच ठावं नव्हतं," हे घरी येऊन म्हणाले. मी ज्वारी पाखडत होते. पाखडत राहिले.

दावा केला नाही. खोलीचे भाडे आले नाही. त्यातच गुळाचे भाव पडले आणि आडतीने यांचा पगार कमी केला. दोन वर्षे झाली, तीन झाली. दादा पानांच्या करंड्या घेऊन बाजारच्या दिवशी यायचा, पण घरात येत नसे. पायरीवर बसून पाणी प्यायचा. "मळा कसा हाय, दादा?" मी विचारायचे. "हाय की," तो म्हणायचा. पैशांचे नाव कधी काढले नाही. उन्हाळ्यात जुनी विहीर आटली आणि अर्धे वेल जळाले, हे मला वहिनीच्या निरोपातून कळले. त्यानंतर पंचमीलाही मी माहेरी गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

मागच्या बाईंचा रागही धरता येईना. मला ताप आला तेव्हा त्यांनीच आडाचे पाणी शेंदून दिले. एकदा म्हणाल्या, "माझ्यापायी तुमचं अडलंय न्हवं?" त्यांना जायला दुसरी जागा नव्हती. आम्हालाही नव्हती.

लेकी, म्हणून सांगते. घर बघायला सकाळी जा, चुली पेटायच्या वेळी, आणि आधी न कळवता. धूर किती ठिकाणांहून निघतो ते बघ. घरधन्याला विचारू नकोस, शेजारच्या बायकांना विचार. कुलूप असलेली खोली उघडून घे. आणि जे दिसेल ते बोल. सासरे बसलेले असोत, जावई रागावोत. मी तुझ्या वडिलांना अजून बोललेले नाही.

पैसे असे फेडले. हे सुट्टीच्या दिवशी आणखी दोन दुकानांच्या वह्या लिहू लागले. दादाला कधी दहा, कधी पाचच गेले. पाचव्या वर्षी मी गळ्यातली सोन्याच्या पुतळ्यांची माळ काढून यांच्या हातात दिली, तेव्हा उरलेले सगळे एकदम जमले. दिवाळीआधीच्या बाजाराला दादा आला. मी पायरीशी जाऊन पैसे त्याच्यापुढे ठेवले. हे आडतीत होते.

दादा पैशांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "येक इचारू? त्या दिशी तू मागं गेली हुतीस. तुला कायबी दिसलं न्हाय?"

"दिसलं हुतं," मी म्हणाले.

मागे आडाचा रहाट करकरत होता. बाई पाणी काढत होत्या. रहाट थांबेपर्यंत दादा तिकडे कान देऊन बसला.

"दाजींना सांगू नगंस," तो म्हणाला. मग पैसे उचलून कनवटीला लावले आणि वर खोचून घेतले. "फिटलं बघ. तीनशेच्या तीनशे."