कॉईलमधला मास्तर

लातुरात चांदपाशाच्या जिभेच्या तावडीतून कुणी सुटलं नव्हतं. भूकंपानंतर लोक पत्र्याच्या शेडात झोपायला लागले, तर हा म्हणाला, भित्री जात. पुढं त्याच पत्र्यांखाली क्लासेस निघाले, तर म्हणाला, लातूरकरांनी आता अक्कलसुद्धा भाड्यानं घ्यायला काढली. स्वतःच्या कामापुढं त्याला सगळं जग फालतू वाटे.

काम नाजूक होतं, एवढं मात्र मान्य करायला हवं. घरातल्या मागच्या खोलीत बसून तो इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप बनवायचा. गिटारच्या तारांखाली बसणारी ही चुंबकाची डबी. तिच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळून कॉईल करायची, मग ती मेणात बुडवायची. वरच्या तारांची थरथर ती उचलते आणि अॅम्प्लिफायरकडं धाडते. नांदेडचे ऑर्केस्ट्रावाले, उदगीरचे बेंजोवाले त्याच्याकडं येत आणि पिकअपबरोबर चार शिव्याही घेऊन जात.

पुढं आदिनाथ सरांनी फिजिक्सचा क्लास टाकला, तोही नेमका चांदपाशाच्या भिंतीला लागून. पोरं इतकी, की सरांना माईक लागे, आणि स्पीकरची वायर त्यांनी सामाईक भिंतीवरून ओढली. झालं. चांदपाशानं नवा पिकअप तपासायला अॅम्प्लिफायरला जोडला की त्यातून सर बोलायला लागत. भिंतीतून नुसता गोंगाट यायचा, पण वायरमधून जाणारं बोलणं कॉईल उचलायची आणि शब्दन्‌शब्द ऐकू यायचा. न बोलावता घरात घुसलेला हा मास्तर चांदपाशाला सहन होईना. क्लासच्या वेळात तो टपरीवर जाऊन बसू लागला. तपासायचं काम मी करते, असं लेक अर्शी म्हणाली, तेव्हा त्याला बरंच वाटलं.

अर्शी बारावीला होती. तिनं क्लासचं नाव काढलं तेव्हा बाप भडकला होता. ज्याच्या घरात कॉईल बनते त्याच्या पोरीला हे बाजारबुणगे काय शिकवणार, मीच शिकवतो, म्हणाला. शिकवायला बसला आणि दुसऱ्याच प्रश्नाला पुस्तक लिहिणाऱ्याची अक्कल काढत उठला. ते शिकवणं तिथंच संपलं, पण पोरीला आपणच शिकवतो, हे त्याच्या डोक्यातून काही गेलं नाही.

निकाल लागला. अर्शी फिजिक्सला जिल्ह्यात पहिली आली. मग काय, चांदपाशाचे पाय जमिनीला लागेनात. क्लास न लावता, माझ्यासमोर बसून शिकली, असं तो मशिदीपुढं सांगे, बसस्टँडवर सांगे, न विचारणाऱ्यालाही थांबवून सांगे. लोकांना हसता येणार नाही असं उभ्या जन्मात त्याला हे एकच मिळालं होतं.

आणि चौथ्या दिवशी चौकात सरांचा फ्लेक्स लागला. 'आमचे यशस्वी विद्यार्थी', आणि पहिला फोटो अर्शीचा. लातुरात हे चालतंच. मार्क पडले की एकच पोरगं चार क्लासच्या फ्लेक्सवर हसत असतं. पण चांदपाशाच्या अंगाची आग झाली. आयत्या बिळावरचे नागोबा, असं ओरडत त्यानं अर्शीचा हात धरला आणि भरल्या क्लासात शिरला. ही तुमची विद्यार्थिनी नाही, हे माईकवर सांगा, म्हणाला.

सरांना घाम फुटला. मुलं फार असतात, एखादी चूक होते, असं पुटपुटत त्यांनी माईक हातात घेतला.

"थांबा सर," अर्शी म्हणाली. "अब्बा, फ्लेक्स राहू द्या. मी ह्यांच्याकडंच शिकले. वर्षभर. तुमच्या कॉईलमधून."

सरांना काही कळलं नाही, पण चेहऱ्यावर रंग आला. माईक चालूच होता. सगळ्या क्लासनं ऐकलं.

"अन्‌ मी शिकवलेलं?" चांदपाशानं विचारलं.

अर्शी खाली बघत म्हणाली, "तुम्ही शिव्याच लई दिल्या, अब्बा."

पोरं खदखदून हसली. चांदपाशानं तिचा धरलेला हात सोडला. त्याला हसण्याचं काही वाटलं नाही. पोरगी आपल्याच घरात वर्षभर आपल्यापासून लपून शिकली, हे मात्र काळजात घुसलं. तिनं सांगितलं असतं तर आपण त्याच दिवशी ती वायर तोडली असती, हे तिला ठाऊक होतं. आणि खरंच तोडली असती, हे त्यालाही ठाऊक होतं.