डबीवर बाबांचं नाव

माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत मी लोकांची शी तपासते. शुद्ध भाषेत, मलाचा नमुना. मोठ्या आतड्यात कॅन्सर मूळ धरू लागला की तिथल्या पेशींच्या डीएनएवर नको त्या जागी मेथिलच्या रासायनिक खुणा बसतात. पेशींना आवर घालणारी जनुकं मोडत नाहीत, पण या खुणांनी ती गप्प होतात. त्या खुणा मलात सापडू शकतात, कधीकधी दुखणं जाणवायच्याही आधी.

बाबांनी साठी ओलांडली तेव्हा नंदनवन भागातल्या आमच्या घरी मीच नमुन्याची डबी नेली, वर त्यांचं नाव लिहिलं. चार दिवस ती संडासाच्या खिडकीत तशीच पडून होती. पाचव्या दिवशी भरलेली मिळाली. रिपोर्ट साफ आला. आईनं तो देवापुढे ठेवला, मी पेढे आणले. बाबा तेवढे पेढा न खाता उठून गेले.

वर्षभरानं ते न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. रक्त कित्येक महिने जात होतं. मूळव्याध असेल म्हणत त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. आतड्यातली गाठ चांगलीच वाढली होती. दवाखान्याच्या जिन्यात मी आमच्या तपासणीला शिव्या घालत होते, तेव्हा आई म्हणाली, "डबीतलं ते तुह्या बाबाचं नव्हतं वं. माहं होतं."

"काहून?"

"बापाचं असलं पोरीनं पाहावं काय? अन् आम्ही दोघं एकाच गंजात शिजलेलं जेवतो. म्हटलं, रिपोर्ट येगळा कायले येईन?"

मी कपाळावर हात मारून घेतला. बाबांनाही ठाऊक होतं! अख्खं वर्ष! दिवसभर अनोळखी माणसांची शी चालते, जन्मदात्याची चालत नाही. कसली ही मर्यादा, आग लागो तिला.

ऑपरेशन झालं. कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय. आता बाबांच्या पोटावर पिशवी आहे, शी तिच्यातच येते. आईचे हात थरथरतात, म्हणून ती मीच रिकामी करते, पुसते, नवी लावते. तेवढा वेळ बाबा भिंतीकडे तोंड करून पडतात. काल म्हणाले, "तुले हे करा लागून राहिलं, मले लाज वाटते वं."

"बाबा, डबी एवढीशी होती," मी म्हटलं, आणि पिशवीचं तोंड बंद केलं.