शुक्रवारची फवारणी

माझ्या नवऱ्याला आनंदनगरच्या कारखान्यात शुक्रवारची सुट्टी असायची, म्हणून आमच्या कुळगावच्या वालावर औषधही शुक्रवारीच पडायचं. पिकाला त्याची गरज आहे का, हे कोण बघतंय! नव्वदच्या आसपासची गोष्ट. भात निघालं की त्याच ओलीवर आम्ही वाल टाकायचो.

वाल वीतभर असताना शेंड्यांवर बारीक किड्यांचा थोडा मावा दिसायचा. त्याच्यामागोमाग लाल ढालकिडे यायचे आणि तो खाऊन फस्त करायचे. मी रोज शेतात, मला दिसायचं ते. मी कळवळून सांगायचे, "अहो, आत्ता नको. फुलावर मावा वाढला तरच औषध मारा."

"मशीन बिघडायची वाट बघतात का? दर आठवड्याला तेल देतात," हे ह्यांचं शहाणपण.

एका वर्षी औषधाने ढालकिडे सगळे मेले. फुलं लागली तेव्हा मावा परत आला, काळाकुट्ट, चिकट. त्याला खाणारं आता कोणी उरलं नव्हतं. मग तर ह्यांना ऊतच आला. शेंगा तोडणीला आल्या त्या शुक्रवारीही पंप पाठीवर घेतला आणि संध्याकाळी मला म्हणाले, "उद्या तोड आणि कॅम्प पाचच्या बाजारात विकून ये."

शनिवारी सकाळी त्यातल्याच मूठभर शेंगा तोडून मी मिठात उकडल्या. हे कामावर निघण्याआधी जेवायला बसले, तेव्हा त्यांच्या ताटात वाढल्या. म्हटलं, "आधी तुम्ही खा."

ह्यांनी ताट बाजूला सारलं.

इतकी वर्षं मी समजत होते, ह्यांना कळत नाही.